वर्गणी भरून ‘मम’ म्हणायचे? उद्योग संघटनांच्या हवामान भूमिकेवर कंपनीने लक्ष कसे ठेवावे

प्रश्न असा आहे: “मी पुणे जिल्ह्यातल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका सूचिबद्ध कंपनीत कंपनी सेक्रेटरी आहे. आमच्यात गुंतवणूक असलेल्या युरोपातल्या एका पेन्शन फंडाने पत्र पाठवले आहे. तुम्ही ज्या उद्योग संघटनांचे सभासद आहात त्या हवामान धोरणाबाबत सरकारकडे काय मागतात, ते तुमच्या नेट झिरोच्या (निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाच्या) उद्दिष्टाशी जुळते का, आणि हे तुमच्याकडे कोण तपासते, असे त्यांनी विचारले आहे. आमचे एमडी म्हणतात, आपण नुसती वर्गणी भरतो, संघटना काय बोलते त्याच्याशी आपला संबंध नाही. उत्तर काय द्यावे? आणि भूमिका पटत नसेल तर सभासदत्व सोडावे का?”

तुमच्या एमडींचे हे वाक्य मी वेगवेगळ्या बोर्डरूममध्ये अनेकदा ऐकले आहे, आणि बोलणारा ते मनापासून बोलत असतो. वर्गणी म्हणजे क्लबच्या फीसारखा किरकोळ खर्च, असे त्याला खरोखर वाटत असते. पण संघटनेचे निवेदन दिल्लीत सहसचिवांच्या टेबलावर पोचते तेव्हा त्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलेले असते की, आमच्या सभासदांचा या क्षेत्राच्या उत्पादनात इतके टक्के वाटा आहे. त्या टक्क्यांत तुम्ही आहात. संघटनेला वर्गणी लागतेच, पण त्याहून जास्त गरज असते ती तुमच्या नावाची. पूजेला बसलेल्या यजमानासारखे हे आहे. मंत्र गुरुजी म्हणतात, यजमान पळीभर पाणी सोडून ‘मम’ म्हणतो. मंत्राचा अर्थ कळो न कळो, संकल्प सुटतो तो त्याच्याच नावाने.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका प्रसंगातून सांगतो. मी तेव्हा एका मोठ्या उत्पादक कंपनीत सेक्रेटरी होतो. केंद्राची एक मसुदा अधिसूचना निघाली होती आणि हरकती व सूचनांसाठी 60 दिवस होते. पन्नास दिवस संघटनेत सगळे शांत होते. मग एका शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला सभासदांना ईमेल आला: सोबत निवेदनाचा मसुदा, सोमवारी सकाळी अकरापर्यंत सूचना कळवाव्यात, न कळवल्यास संमती गृहीत धरू. आमच्याकडून संघटनेच्या उपसमितीवर नियामक विभागातले एक डीजीएम जात. माणूस अत्यंत प्रामाणिक. त्यांनी शनिवारी सकाळी मोबाइलवरून उत्तर पाठवले, ‘नो कॉमेंट्स फ्रॉम अवर साइड’. निवेदनात 3 वर्षांची मुदतवाढ मागितली होती. आमच्या कारखान्यात मात्र ती यंत्रणा आधीच बसली होती, कोट्यवधी रुपये खर्च झाले होते. म्हणजे ज्यांनी एक रुपयाही घातला नव्हता अशा प्रतिस्पर्ध्यांना 3 वर्षे फुकट मिळावीत, अशी मागणी आमच्याच नावाने सरकारकडे गेली. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत एका भागधारकाने अध्यक्षांचे हवामानावरचे निवेदन आणि संघटनेचे पत्र शेजारीशेजारी धरून विचारले, यातले तुमचे मत कोणते? मी अध्यक्षांच्या बाजूला संभाव्य प्रश्नोत्तरांचे फोल्डर घेऊन बसलो होतो. त्यात या प्रश्नाचे पान नव्हते.

त्या दिवसापासून माझे एक मत पक्के झाले, आणि तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर त्यावरच उभे आहे. देखरेख करायची ती सभासदत्वांच्या यादीवर नाही. ती करायची त्या शनिवारच्या ईमेलवर.

आता हा फंड तुम्हाला हे का विचारतो आहे ते समजून घ्या, कारण पत्राला उत्तर देताना त्याचा उपयोग होईल. मी याचे सगळ्यात शिकवणारे उदाहरण मानतो ते ऑस्ट्रेलियातल्या बीएचपी या खाण कंपनीचे. तिथल्या मिनरल्स कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलिया या संघटनेचे वजन केवढे, ते 2010 मध्ये दिसले होते. केव्हिन रड सरकारने खाणींच्या जादा नफ्यावर कर लावायचे ठरवले, तेव्हा खाण उद्योगाने काही आठवड्यांत सुमारे 2 कोटी 20 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जाहिरातींवर ओतले, आणि त्याच जूनमध्ये रड यांना पंतप्रधानपद सोडावे लागले. कारणे आणखीही होती, पण तिथल्या राजकारण्यांनी घ्यायचा तो धडा घेतला. पुढे 9 फेब्रुवारी 2017 रोजी तेव्हाचे अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन संसदेत दगडी कोळशाचा एक मोठा तुकडा घेऊन उभे राहिले. हा कोळसा आहे, घाबरू नका, असे ते विरोधकांना म्हणाले. तो तुकडा मिनरल्स कौन्सिलने पुरवला होता, आणि हात काळे होऊ नयेत म्हणून त्यावर लॅकर चढवलेला होता. या कौन्सिलच्या वार्षिक निधीतला सुमारे 17 टक्के वाटा एकट्या बीएचपीचा होता, आणि ही बीएचपी त्याच काळात तापमानवाढ रोखण्यासाठीच्या पॅरिस कराराला जाहीर पाठिंबा देत होती.

त्याच वर्षी एसीसीआर या छोट्या भागधारक संस्थेने बीएचपीच्या वार्षिक सभेसाठी ठराव मांडला की, संघटनांची भूमिका आणि कंपनीची भूमिका तपासून फरक जाहीर करा. ठराव पडला, पण सभेआधीच कंपनीने तपासणीचे आश्वासन दिले होते. डिसेंबर 2017 मध्ये अहवाल आला. हवामानावर सक्रिय असलेल्या 21 संघटना तपासल्या होत्या. त्यांतल्या तिघींशी मूलभूत मतभेद असल्याचे कंपनीने लेखी कबूल केले: मिनरल्स कौन्सिल, यूएस चेंबर ऑफ कॉमर्स आणि वर्ल्ड कोल असोसिएशन. एप्रिल 2018 मध्ये कंपनी वर्ल्ड कोल असोसिएशनमधून बाहेर पडली. मिनरल्स कौन्सिलमध्ये आणि यूएस चेंबरमध्ये मात्र राहिली.

इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. जी संघटना सोडली तिच्यावाचून बीएचपीचे फारसे अडत नव्हते. जी खरोखर कॅनबेरातले, म्हणजे ऑस्ट्रेलियन सरकारचे, धोरण हलवू शकत होती, तिच्यात ती राहिली. टीकाकारांनी यावर बरेच सुनावले, आणि 2019 च्या सभेत सभासदत्व स्थगित करण्याच्या ठरावाला सुमारे 27 टक्के मते पडली. संचालक मंडळाच्या शिफारशीविरुद्ध मांडलेल्या ठरावाला इतकी मते म्हणजे दुर्लक्ष करता येण्यासारखी गोष्ट नव्हे. पण माझे मत टीकाकारांपेक्षा थोडे वेगळे आहे. राहिल्यामुळे बीएचपीला आत काहीतरी करून दाखवणे भाग पडले. जून 2020 मध्ये मिनरल्स कौन्सिलने पॅरिस कराराला पाठिंबा देणारा कृती आराखडा काढला. तो पुरेसा होता असे मी म्हणणार नाही, पण कोळशाचा तुकडा पुरवणाऱ्या संघटनेने 3 वर्षांत तो लिहिला, तो सगळ्यात मोठे वर्गणीदार लेखी मतभेद नोंदवून बसले म्हणून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्वीन्सलँड रिसोर्सेस कौन्सिलने निवडणुकीच्या तोंडावर ग्रीन्स पक्षाला शेवटचा पसंतीक्रम द्या, अशी जाहिरात मोहीम चालवली, तेव्हा बीएचपीने आपले सभासदत्व लगेच स्थगित केले. 2017 मध्ये तिला ठरवायला महिने लागले होते. मधल्या काळात नियम लिहून झाले होते, कोणत्या गोष्टीला काय करायचे हे ठरलेले होते, म्हणून हे शक्य झाले. आणि 2021 मध्ये असाच एक ठराव आला तेव्हा संचालक मंडळाने स्वतःच त्याला पाठिंबा दिला आणि तो जवळजवळ 99 टक्के मतांनी संमत झाला.

बाकीच्या घडामोडी झरझर सांगतो. शेलने 2019 मध्ये 19 संघटनांची तपासणी जाहीर केली आणि अमेरिकेतली तेल शुद्धीकरणवाल्यांची एक संघटना सोडली. फ्रान्सच्या टोटलने जानेवारी 2021 मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट सोडली. कारणे स्पष्ट सांगितली: मिथेनवरचे नियम सैल करण्याला संघटनेचा पाठिंबा, इलेक्ट्रिक वाहनांच्या अनुदानाला विरोध, कार्बन उत्सर्जनावर किंमत आकारण्याबद्दल वेगळे मत, आणि पॅरिस कराराच्या विरोधकांना निवडणुकीत मदत. दोनच महिन्यांनी त्या इन्स्टिट्यूटने कार्बनवर किंमत लावण्याला तत्त्वतः पाठिंबा जाहीर केला. शेवरॉनच्या 2020 च्या सभेत हवामान लॉबिंगचा (धोरणासाठी सरकारवर टाकलेल्या प्रभावाचा) अहवाल मागणारा ठराव 53 टक्क्यांनी संमत झाला, एक्सॉनच्या 2021 च्या सभेत सुमारे 64 टक्क्यांनी. एक्सॉनच्या सभेनंतर सुमारे महिनाभराने तिच्या एका वरिष्ठ लॉबिस्टचे, कीथ मॅककॉय यांचे, छुप्या कॅमेऱ्यावरचे संभाषण बाहेर आले. अवघड प्रश्नांना कंपनीने स्वतः सामोरे न जाता संघटनांना पुढे करायचे आणि मार त्यांनी खायचा, अशा आशयाचे ते बोलले होते. कंपनीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. गुंतवणूकदारांच्या मनात जो संशय होता तो आतल्याच माणसाच्या तोंडून ऐकू आला. मार्च 2022 मध्ये स्वीडनचा एपी7 हा पेन्शन फंड, चर्च ऑफ इंग्लंडचे पेन्शन बोर्ड आणि बीएनपी पारिबाची गुंतवणूक कंपनी यांनी मिळून जबाबदार हवामान लॉबिंगचे एक जागतिक मानक काढले. त्यात 14 मुद्दे आहेत. तुमच्या फंडाचे पत्र नीट वाचा, बहुधा त्यातलेच तीन-चार प्रश्न तुम्हाला विचारलेले दिसतील.

तुम्ही म्हणाल, हे तेलवाले आणि खाणवाले झाले, आपला काय संबंध? तर आपल्याकडची कागदपत्रे पाहू. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1,000 सूचिबद्ध कंपन्यांना बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांवरचे वार्षिक विवरण) सक्तीचे केले. त्यातले सातवे तत्त्वच हे आहे की, सार्वजनिक धोरणावर प्रभाव टाकताना उद्योगांनी तो जबाबदारीने आणि पारदर्शकपणे टाकावा. दर वर्षी तुम्ही ते भरता. पण काय भरता ते आठवा. किती संघटनांशी संलग्न आहोत तो आकडा, आणि ‘टॉप टेन’ संघटनांची नावे. हे दहा निवडायचे कसे? संघटनेच्या एकूण सभासदसंख्येवरून. या एका निकषाने सगळा रस निघून जातो. हजारो सभासदांची सर्वसाधारण चेंबर्स यादीत वर येतात. ज्या संघटनेत वीस-पंचवीसच कंपन्या आहेत, जिची उपसमिती उत्सर्जनाच्या निकषांवर प्रत्यक्षात ओळ न् ओळ लिहून देते, ती यादीत दिसतच नाही. कंपनीने कोणत्या धोरणाची बाजू घेतली, कोणत्या मार्गाने, बोर्ड त्याचा आढावा किती वेळा घेते, हे विचारणारा तक्ता आहे, पण तो ‘लीडरशिप इंडिकेटर’मध्ये, म्हणजे ऐच्छिक. बहुतेक कंपन्या तिथे एक-दोन ओळींवर भागवतात. अमेरिकेत संघटनांनी वर्गणीतला किती हिस्सा लॉबिंगवर गेला ते सभासदांना कळवायचे असते, कारण तेवढ्यावर करवजावट मिळत नाही. नाही कळवले तर संघटनेनेच कर भरायचा. आपल्याकडे असे काही नाही. म्हणून आपल्याकडे हे काम कायदा करून घेणार नाही, कंपनीलाच करावे लागेल.

आणि विषय आता दारात आला आहे. प्रवासी गाड्यांच्या इंधनकार्यक्षमतेचे कॅफे निकष घ्या. पहिला टप्पा 2017-18 मध्ये आला, दुसरा 2022-23 मध्ये, तिसरा एप्रिल 2027 पासून अपेक्षित आहे. तुमचे ग्राहकच यात आहेत. किंवा कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना, म्हणजे उत्सर्जनाच्या लक्ष्याहून चांगली कामगिरी करणाऱ्यांनी क्रेडिट विकण्याची योजना, घ्या. 2023 मध्ये ती अधिसूचित झाली, ॲल्युमिनियम, सिमेंट वगैरे क्षेत्रांच्या उत्सर्जन-तीव्रतेच्या (दर टन उत्पादनामागच्या उत्सर्जनाच्या) लक्ष्यांचा मसुदा एप्रिल 2025 मध्ये आला आणि अंतिम नियम ऑक्टोबरमध्ये. या मधल्या सहा महिन्यांत काय होते? याच काळात संघटनांची निवेदने जातात. शुक्रवारचे ईमेल याच काळात येतात.

आता एक अवघड मुद्दा, ज्यावर परदेशी सल्लागारांचे आणि माझे जमत नाही. भूमिका ‘जुळते’ म्हणजे कशाशी जुळते? फंड म्हणेल, जगाची तापमानवाढ दीड अंशात रोखण्याशी. भारताचे नेट झिरोचे जाहीर उद्दिष्ट 2070 चे आहे, ते पंतप्रधानांनी नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोला सांगितले. समजा तुमची संघटना युरोपच्या कार्बन सीमाकरावर (आयात मालाच्या उत्पादनातल्या उत्सर्जनावरच्या शुल्कावर) आक्षेप घेते. त्याला हवामानविरोधी लॉबिंग म्हणायचे का? मी म्हणत नाही. तो कर एकतर्फी आहे, विकसनशील देशांवर त्याचा भार अन्याय्य पद्धतीने पडतो, असे म्हणणे ही भारताची अधिकृत भूमिका आहे आणि तिला आधार आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला प्रत्येक ओतकामाचा कार्बन हिशेब द्यायला लावणे सोपे नाही. पण त्याच निवेदनाच्या शेवटी, म्हणून देशातही कोणतेच निकष नकोत, असे एक वाक्य हळूच घुसवलेले असते. पहिल्या मुद्द्यावर मी सही करेन, दुसऱ्यावर नाही. हा फरक पानोपानी वाचूनच कळतो. संघटनेच्या नावावरून तिला हिरवा किंवा लाल शेरा मारून तो कळत नाही.

त्यामुळे तुमचे माप आधी स्वतः लिहा. दोन पाने पुरेत. आमच्या व्यवसायाला लागू पडणारे धोरणप्रश्न कोणते (तुमच्या बाबतीत इंधनकार्यक्षमतेचे निकष, विजेची खुली उपलब्धता, कार्बन बाजार, भंगार आणि पुनर्वापर, सीमाकर), आणि प्रत्येकावर कंपनीचे मत काय. हे बोर्डासमोर ठेवून मंजूर करून घ्या. 2070 च्या आडोशाला बसू नका, कारण तुमच्या वार्षिक अहवालात बहुधा त्याआधीचे साल छापलेले आहे आणि फंडाने ते वाचले आहे. हे दोन पानी टिपण नसेल तर तुलना कशाशी करायची हा प्रश्न सुटतच नाही. हा अभ्यास करताना चांगल्या गोष्टीही सापडतात, त्या टाकू नका. महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढच्या सुनावण्यांत उद्योगांच्या संघटना सौर विजेच्या ओपन ॲक्सेससाठी (वितरण कंपनीऐवजी थेट उत्पादकाकडून वीज घेण्यासाठी), बँकिंगच्या (जादा वीज ग्रिडला देऊन नंतर परत घेण्याच्या) सवलतीसाठी भांडतात. तेही हवामानाचेच लॉबिंग आहे आणि योग्य दिशेचे आहे.

मग पैसे शोधा. लेखा विभागाकडे ‘सभासदत्व व वर्गणी’ या एकाच खात्याचा उतारा मागू नका. संघटनांना जाणारे पैसे तीन ठिकाणी विखुरलेले असतात. वर्गणी प्रशासनाच्या खर्चात असते. परिषदा आणि पुरस्कार सोहळ्यांचे प्रायोजकत्व मार्केटिंगमध्ये असते. आणि सगळ्यात महत्त्वाचा तिसरा प्रकार म्हणजे ‘विशेष वर्गणी’: एखाद्या सल्लागार कंपनीकडून अभ्यास करून घ्यायचा आहे, उच्च न्यायालयात याचिका टाकायची आहे, म्हणून सभासदांकडून जमवलेली रक्कम. ती व्यावसायिक शुल्कात दडलेली असते. निकष पुढे ढकलण्यासाठी दाखवले जाणारे आकडेवारीचे अहवाल बरेचदा याच पैशांतून तयार होतात. कारखान्याच्या पातळीवरच्या एमआयडीसीतल्या स्थानिक संघटना असतात, त्यांचे प्रश्न रस्ता, पाणी आणि सांडपाण्याचे. त्यांच्यावर या कामात वेळ घालवू नका.

यापुढचा भाग कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळे त्यावर अवलंबून आहे. संघटनेच्या खोलीत काय बोलायचे आणि काय नाही याची शिस्त आपल्या कंपन्यांना नवी नाही. जून 2012 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 11 सिमेंट कंपन्या आणि त्यांची संघटना यांना मिळून 6,000 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पुढे अपिले झाली, आदेश रद्द होऊन पुन्हा दिला गेला, पण संघटनेच्या बैठकांमधली देवाणघेवाण अंगावर शेकू शकते हे प्रत्येक विधी विभागाला त्या दिवशी कळले. तेव्हापासून व्यवस्थित कंपन्यांत पद्धत आहे: अजेंडा आधी मागवायचा, किमतीचा विषय निघाला तर आक्षेप घ्यायचा, तरीही चालू राहिला तर उठून बाहेर यायचे, आणि आपण बाहेर पडलो हे इतिवृत्तात लिहून घ्यायचे. तुमच्या कंपनीतही असे परिपत्रक नक्की असेल. तेच काढा आणि त्यात धोरणविषयक निवेदनांचा एक भाग जोडा. नवी समिती, नवे डॅशबोर्ड यांची गरज नाही.

त्या भागात काय असावे? संघटनेच्या प्रत्येक समितीवर जाणाऱ्या माणसाला नावानिशी पत्र द्या, त्यात दोन पानी टिपण जोडा आणि लिहा की या पाच विषयांवर ‘काही सूचना नाहीत’ असे उत्तर तुमच्या पातळीवर देता येणार नाही. असा मसुदा आला की तो त्याच दिवशी तुमच्याकडे आणि शाश्वतता प्रमुखांकडे यायला हवा. वेळ कमी असेल, आणि तो नेहमीच कमी असतो, तर ठरलेले एक वाक्य पाठवायचे: या मसुद्यावर आमची संमती गृहीत धरू नये, आमचे मत अमुक तारखेपर्यंत कळवतो. मत वेगळे असेल तर ते सगळ्या सभासदांना दिसेल असे लिहायचे, अध्यक्षांना फोनवर हळूच सांगून नव्हे. आणि निवेदन तरीही तसेच गेले तर ‘सर्व सभासदांच्या वतीने’ हे शब्द काढून ‘बहुसंख्य सभासदांच्या वतीने’ असे लिहावे, इतका आग्रह धरा. हा शब्दांचा खेळ वाटेल. पण ते पत्र वाचणारा अधिकारी ‘बहुसंख्य’ हा शब्द पाहून पहिला प्रश्न विचारतो की, मग वेगळे मत कोणाचे आहे? तिथून चर्चा बदललेली मी प्रत्यक्ष पाहिली आहे.

त्या डीजीएमसारख्या माणसाचा इथे विचार करा. त्याच्यावर खापर फोडून काही साधत नाही. त्याचे वार्षिक मूल्यमापन कशावर होत होते? मुदतवाढ मिळवली, सवलत मिळवली, यावर. हवामानाचे उद्दिष्ट तिसऱ्या मजल्यावरच्या वेगळ्या विभागाच्या केआरएमध्ये (कामाच्या ठरलेल्या उद्दिष्टांत) होते. दोघे एकाच कॅन्टीनमध्ये जेवत, पण एकमेकांचे कागद त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्याच्या केआरएमध्ये एक ओळ घाला, अर्धे काम होईल.

सोडायचे की राहायचे? माझा कल राहण्याकडे आहे, पण मुदत घालून. मतभेद लेखी कळवा, एक वर्ष द्या, वर्षाच्या शेवटी काय बदलले ते बोर्डासमोर मांडा. ज्या एका संघटनेत तुमचे वजन आहे तिथेच जोर लावा. दहा ठिकाणी पत्रे पाठवून काही होत नाही. आणि उघड मतभेद झाले तर आभाळ कोसळेल ही भीती आपल्याकडे उगाच आहे. 2025 मध्ये छोट्या गाड्यांना कॅफे निकषांत सवलत द्यावी का यावरून वाहन उत्पादकांच्या संघटनेतच, सियाममध्ये, फूट दिसली. मारुती सुझुकी सवलतीच्या बाजूने, टाटा मोटर्स आणि महिंद्रा विरोधात. कोणाचे बरोबर हा वेगळा विषय, पण सगळे अजून सभासद आहेत आणि संघटनाही चालू आहे. सोडायची वेळ येते ती संघटना तुमचे मत नोंदवायलाच नकार देते तेव्हा, किंवा तिचा मूळ उद्देशच तुमच्या उद्दिष्टाच्या विरुद्ध असतो तेव्हा. व्होल्वो कार्सने 2022 मध्ये युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना सोडली, कारण 2030 पर्यंत पूर्ण इलेक्ट्रिक व्हायचे तिने तेव्हा ठरवले होते आणि संघटनेची चाल त्या मानाने फार मंद होती. अशा वेळी कारण जाहीर करून सोडा. गुपचूप वर्गणी थांबवली तर त्याचा कोणालाच काही उपयोग होत नाही.

राहता राहिले फंडाला द्यायचे उत्तर. ‘आम्ही जबाबदार कॉर्पोरेट नागरिक आहोत’ या चालीवरचे पान पाठवू नका, तशी पत्रे त्यांच्याकडे ढिगाने येतात. आजवर अशी तपासणी झालेली नाही हे सरळ लिहा. किती संघटना आहेत, त्यांतल्या कोणत्या तीन-चार हवामान धोरणावर सक्रिय आहेत, बोर्डाची कोणती समिती यापुढे पाहील, पहिला आढावा कोणत्या तिमाहीत होईल, आणि तो जाहीर करणार की नाही, एवढे द्या. सहा महिन्यांनी ते पुन्हा लिहितील, तेव्हा सांगण्यासारखे काहीतरी हातात असायला हवे, म्हणून झेपेल तेवढेच कबूल करा.

आणि एमडींकडे जाताना बीएचपीचे प्रेझेंटेशन नेऊ नका. आयटी विभागाकडून गेल्या 2 वर्षांत तुमच्या लोकांनी संघटनांना पाठवलेली उत्तरे काढून घ्या, छापा, आणि त्यांतली किती ‘नो कॉमेंट्स’ आहेत ते मोजा. प्रत्येकासोबत त्या दिवशी गेलेले निवेदन टाचणीने लावा. तो गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवा आणि त्यांना स्वतः वाचू द्या.